चिकूचं माहेर

चिकूचं झाड मी लांबूनही ओळखते. डहाणूजवळच्या घोलवडच्या वाड्यांमध्ये वाढलेल्या कुणालाही ते ओळखता येतं. फांद्या खोडातून जवळजवळ आडव्या फुटलेल्या, खालच्या तर जमिनीला टेकायला आलेल्या, पानं फांदीच्या टोकाशी झुबक्यानं बसलेली आणि आत शिरलं की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखा काळोख. माझ्या लहानपणाच्या निम्म्या दुपारी त्या काळोखात गेल्या आहेत. तरीही मेक्सिकोच्या रानात, कोबा नावाच्या, तिथल्या मूळच्या माया लोकांच्या पडक्या शहरात, मी एका चिकूच्या झाडाखाली चांगली पाच मिनिटं उभी होते आणि ते मला ओळखू आलं नाही.

आम्ही ह्यूस्टनला राहतो. डिसेंबरच्या सुट्टीत मेक्सिकोचा कॅरिबियन किनारा विमानानं जेमतेम अडीच तासांवर, म्हणून पाच दिवस तिथं गेलो होतो. समुद्र सुंदर होता, वाळू मैद्यासारखी होती आणि याहून जास्त त्या हॉटेलबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी मी हट्ट धरला की एक दिवस तरी आतल्या बाजूला जायचं. लेक नऊ वर्षांची, तिला पाणी सोडवत नव्हतं. नवरा म्हणाला, चिचेन इत्साला जाऊ, मायांचं ते शहर प्रसिद्ध आहे. पण तिथली गर्दी फोटोंत पाहूनच माझा जीव दडपला होता. शेवटी कोबा ठरलं. किनाऱ्यावरच्या तुलुम गावापासून आत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना बुटकं घनदाट रान. सकाळी सातला गाडी निघाली.

गाईड पन्नाशी ओलांडलेले होते. पांढरा सदरा, डोक्यावर गवती हॅट. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी आम्हाला आधी इंग्रजीत नमस्कार केला, मग स्पॅनिशमध्ये आणि मग म्हणाले, ‘बिश अ बेल?’ त्यांच्या घरी माया भाषा बोलतात. बेल म्हणजे वाट. तेव्हा या ‘कसं काय’चा शब्दशः अर्थ होतो, ‘तुझी वाट कशी आहे?’ उत्तर द्यायचं, ‘माअलोब’, म्हणजे बरी आहे. लेकीनं ते दोन शब्द लगेच उचलले आणि दिवसभर भेटेल त्याला वाटेची ख्यालीखुशाली विचारत राहिली.

कोबाला गेल्यावर कळलं की तिथं ‘वाट’ हा शब्द किती जड आहे. हे शहर पाच तळ्यांच्या आसऱ्यानं वसलं. युकातान या इथल्या द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणाऱ्या नद्याच नाहीत. सगळी जमीन चुनखडीची, पाऊस पडला की पाणी थेट खाली जिरतं आणि भुयारांतून वाहतं. जिथं भुयाराचं छत कोसळलं तिथं विहिरीसारखं कुंड तयार होतं, त्याला सेनोते म्हणतात. अशा प्रदेशात उघड्या तळ्याकाठी जागा मिळणं म्हणजे भाग्यच. त्या शहरातून पन्नासच्या आसपास उंच बांधीव रस्ते निघत होते. त्यांचं नाव सकबे. सक म्हणजे पांढरी, बे म्हणजे वाट. कडेला दगड रचायचे, मध्ये भर घालायची आणि वरून पांढरा चुना चोपायचा. यातला एक रस्ता पश्चिमेला याशुना या गावापर्यंत शंभरेक किलोमीटर जातो. आणि हे सगळं गाडीशिवाय. माया लोकांकडे ओझं ओढणारी जनावरं नव्हती आणि चाकाची गाडी नव्हती. या रस्त्यांवरून गेलं ते सगळं माणसाच्या पाठीवरून गेलं.

आम्ही सायकली भाड्यानं घेतल्या. ज्यांना चालवायच्या नसतात त्यांच्यासाठी तीनचाकी सायकली असतात, पुढे दोघांची बैठक आणि मागून पायडल मारणारा गावातला माणूस. झाडीतून जाणारी ती वाट मूळच्या सकबेवरूनच जाते. चाकांखाली कचकच वाजणारी पांढरी खडी, वर पानांचं छत आणि मध्येच उजव्या हाताला एखादा टेकडीसारखा उंचवटा. तो उंचवटा म्हणजे इमारत असते. कोबातल्या असंख्य वास्तू अजून मातीखालीच आहेत, झाडांनी त्यांना मिठीत धरून ठेवलंय. मला हे फार आवडलं. सगळं उकरून, धुऊनपुसून मांडलेलं नव्हतं.

नोहोच मूल हा तिथला सर्वांत उंच पिरॅमिड, ४२ मीटरचा. नावाचा अर्थ ‘मोठा ढिगारा’, एवढाच. आम्ही गेलो तेव्हा वर चढायला बंदी होती. नवरा हिरमुसला, पण मला ती बंदी पटली. पायऱ्या मधोमध घासून गुळगुळीत झाल्या होत्या, आपल्या देवळांच्या उंबरठ्यांसारख्या. फरक एवढाच की त्या उंबरठ्यांना पिढ्या लागल्या आणि या पायऱ्या पर्यटकांनी काही दशकांत झिजवल्या.

त्याहून मी जास्त रेंगाळले ते गवती छपराखाली उभ्या केलेल्या कोरीव शिळांपाशी. चुनखडी मऊ असते, हजारेक पावसाळ्यांनी तिच्यावरची अक्षरं पुसत आणली आहेत. पहिल्यांदा पाहिलं की नुसता खरखरीत दगड दिसतो. मग गाईडनी उन्हाची तिरीप कुठून येते ते पाहून आम्हाला बाजूला उभं केलं आणि एकदम त्यात माणूस दिसायला लागला. उभा, हातात आडवा राजदंड, डोक्यावर पिसांचा मोठा मुकुट. त्याच्या पायाखाली गुडघे टेकलेले, हात बांधलेले कैदी. सातव्या शतकात काविल आहाव नावाच्या राणीनं इथं राज्य केलं. तिच्या शिळांवरही असेच कैदी आहेत. बाईचं राज्य होतं म्हणून माझं मन सुखावलं होतं, ते त्या बांधलेल्या हातांकडे बघून जरा वरमलं.

इथल्या एका शिळेवर जगाच्या आरंभाची तारीख कोरली आहे, आपल्या मोजणीत इ.स.पू. ३११४ मधली. तिच्यामागे एकापेक्षा एक मोठ्या काळाची इतकी आणखी स्थानं लिहिली आहेत की त्या हिशेबात आपल्या विश्वाचं वयही किरकोळ वाटावं. आकडे लिहायची त्यांची रीत लेकीला पाच मिनिटांत आली. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच आणि शून्यासाठी शिंपला. तिनं वाळूत स्वतःचं वय लिहिलं, एक रेघ आणि वर चार ठिपके. ‘शून्य आपण शोधलं ना?’ तिनं मला विचारलं. मी म्हटलं, आपणही शोधलं, यांनीही शोधलं, एकमेकांना न विचारता. तिला ते उत्तर पसंत पडलं. मलाही पडलं. लहानपणी मला कुणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या गाडीत एक वयस्कर जोडपं होतं. परतीच्या वाटेला लागताना त्यातल्या गृहस्थांनी अगदी सद्भावानं विचारलं, ‘मग हे माया लोक शेवटी गेले कुठे?’

गाईड सायकल धरून थांबले. रागावले नाहीत. म्हणाले, ‘गेले नाहीत. मी सकाळपासून तुमच्याबरोबर आहे.’ मग त्यांनी हळूहळू सांगितलं. नवव्या-दहाव्या शतकांत दक्षिणेकडची मोठी शहरं ओस पडली, राजघराणी संपली, शिळा कोरायचं थांबलं. दुष्काळ होते, लढाया होत्या. पण माणसं शेती करत राहिली. १५६२ साली मानी गावात दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं मायांची चित्रलिपीतली पुस्तकं जाळली. आज जगात तशी चार उरली आहेत. तरीही भाषा उरली. १८४७ साली युकातानच्या मायांनी जमीनदारांविरुद्ध शस्त्र उचललं आणि कोबाच्या दक्षिणेच्या रानात, चान सांता क्रूसला, स्वतःची राजधानी करून अर्धशतकाहून जास्त काळ तग धरला. मेक्सिकोच्या सैन्याला तिथं पोहोचायला १९०१ उजाडलं. आज मेक्सिकोत साडेसात लाखांहून जास्त लोक ही भाषा बोलतात. ‘माझ्या आईला स्पॅनिश आजही धड येत नाही,’ ते म्हणाले, आणि या वाक्यात मला कुठं कमीपणा ऐकू आला नाही.

आणि मग त्यांनी शेजारच्या झाडाच्या खोडावर तळवा टेकला.

झाड सरळ आणि खूप उंच होतं, शेंडा दिसत नव्हता. काळपट सालीवर, जमिनीपासून नजर जाईल तिथवर, नागमोडी खाचा होत्या. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, एकात एक उतरणाऱ्या. बऱ्या झालेल्या जखमेच्या कडा फुगतात तशा त्यांच्या कडा फुगलेल्या होत्या. मी त्या खाचांकडेच बघत होते, झाडाकडे नाही.

‘हे या,’ गाईड म्हणाले. मायात या झाडाला एवढंच नाव आहे, या. ‘स्पॅनिशमध्ये चिकोसापोते.’

चिको. सापोते. मी खाली वाकले. पाचोळ्यात एक चपटी, काळी, चकचकीत बी पडली होती, एका कडेला पांढरी रेघ असलेली. आमच्या घरी त्या बिया अंगणात, मोरीत, दप्तरात, कुठंही सापडत. मी ती हातात घेतली आणि मला एकदम काही बोलता येईना. नवऱ्याला वाटलं, उन्हानं चक्कर आली.

आमच्या भागात सांगतात की घोलवडला चिकू पहिल्यांदा लागला तो १८९८ साली. पुढे इराणी आणि पारशी बागायतदारांनी आणि मग सगळ्यांनीच वाड्या वाढवल्या. २०१६ मध्ये ‘डहाणू-घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बाबांनी पेढे वाटले होते. चिकू बाहेरून आलेला आहे हे मला माहीत होतं, जसं मिरची, पेरू, सीताफळ, पपई बाहेरून आली हे शाळेत शिकलेलं माहीत असतं तसं. पण माहीत असणं वेगळं आणि त्याच्या घरच्या अंगणात उभं राहणं वेगळं. लहानपणी माझी खात्री होती की ज्याला चीक असतो तो चिकू. कच्चं फळ तोडलं की देठातून पांढरा दुधासारखा चीक गळतो. आम्ही मुलं तो बोटावर घेऊन चघळायचो, ओठ चिकटायचे आणि आई ओरडत ओरडत खोबरेल लावून ते सोडवायची.

तोच चीक इथं माणसांनी शतकानुशतकं चघळला आहे. गाईडचे आजोबा चीक काढणारे, चिकलेरो होते. पावसाळ्यात, भल्या पहाटे, कमरेला आणि खोडाला दोराचा फेरा घालून ते कोयत्यानं खाचा पाडत वर चढायचे. चीक त्या नागमोडी वाटेनं उतरत बुंध्याशी बांधलेल्या पिशवीत जमायचा. मग तो मोठ्या कढईत तासन्‌तास ढवळत आटवायचा आणि साच्यात ओतून विटा पाडायच्या. त्या विटा परदेशात जायच्या. १८७१ साली न्यूयॉर्कच्या थॉमस अ‍ॅडम्स यांनी या चिकापासून च्युइंगगम बनवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आधी त्यांनी त्याचं रबर करून पाहिलं होतं, ते जमलं नव्हतं. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम गम आला आणि हा धंदा आटला. त्या रानातला एक माशीसारखा कीटक चावला की जखम चिघळते आणि कानाची पाळी झडते. चिकलेरोंचा रोग असंच त्याला नाव आहे. ‘आजोबांचा डावा कान अर्धाच होता,’ गाईड म्हणाले. ‘आम्हा नातवंडांना वाटायचं, आजोबा लोकांचे कान असेच असतात.’

त्यांनी पुडीतून करड्या रंगाचा एक तुकडा काढून लेकीच्या हातावर ठेवला. आधी खडे चावल्यासारखं लागतं, मग मऊ होतं, किंचित धुराचा वास आणि फार थोडी गोडी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाली, ‘आई, हे चिकूच्या देठासारखं लागतंय.’ दोन उन्हाळ्यांपूर्वी घोलवडला तिनंही तोच उद्योग केला होता.

मी गाईडना बाबांच्या वाडीबद्दल सांगितलं. तुमचं झाड आमच्याकडे फळासाठी लावतात, हजारो एकर, हे त्यांना ऐकून माहीत नव्हतं. इथं रानात फळं माकडं आणि वटवाघळं खातात, माणसाला मिळाली तर मिळाली. मग मी त्यांना भेट कलम समजावून सांगितलं. आमच्याकडे चिकू बियांपासून लावत नाहीत. खिरणी नावाचं आमच्या रानातलं झाड आहे, चिकूच्याच कुळातलं, चिवट मुळांचं. खिरणीचं रोप चिकूच्या फांदीपाशी नेतात, दोघांची साल थोडी थोडी तासून ती एकमेकांना लावून बांधतात आणि काही महिन्यांनी जीव एक झाला की चिकूची फांदी आईपासून सोडवतात. वर तुमचा चिकू, खाली आमची खिरणी. त्यांनी दोन्ही हातांची मनगटं एकमेकांना चिकटवून दाखवली, असं? मी म्हटलं, असंच. मग त्यांनी एका कसबी माणसानं विचारावा तसा प्रश्न विचारला. ‘चीक तेवढाच येतो?’ मला त्याचं उत्तर देता आलं नाही. आम्ही कधी झाडाला खाच पाडून पाहिलीच नाही.

रात्री लेक झोपल्यावर मी सज्जात बसून वाचत राहिले. मायांच्या देवळांच्या दारांवरच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या असत. ग्वातेमालातल्या तिकालच्या देवळांमधल्या कोरीव तुळया बाराशे वर्षांहून जास्त टिकल्या आहेत. याचं मला अजिबात नवल वाटलं नाही, वादळात पडलेला चिकू तोडताना कुऱ्हाडीला कितीदा धार लावावी लागते ते मी पाहिलं आहे. २०१३ साली अशाच एका तुळईतल्या कार्बनवरून शास्त्रज्ञांनी मायांची दिनगणना आपल्या दिनगणनेशी कशी जुळते ते पक्कं करून दाखवलं. म्हणजे शिळेवरची ती आरंभाची तारीख आज आपण वाचतो, तिच्या खरेपणाला चिकूची साक्ष आहे. आणि कालाकमुल हे रानात हरवलेलं महानगर १९३१ मध्ये बाहेरच्या जगाला सांगितलं ते सायरस लंडेल या वनस्पतिशास्त्रज्ञानं, जो चिकाच्या एका कंपनीसाठी काम करत होता. चिकलेरोंना मात्र अशा जागा आधीपासून ठाऊक असत. ते तिथूनच तर जायचे-यायचे.

‘ठाऊक असत’ या शब्दांपाशी मी अडकले.

आमच्या वाडीत फळं काढायला वारली बायका-पुरुष येतात, माझ्या आजोबांच्या काळापासून. बांबूला जाळीची पिशवी लावून फळं उतरवायची, ती निवडायची, धुवायची, पेट्या भरायच्या. त्यात एक बाय आहे. मी शाळेत होते तेव्हा ती सरसर झाडावर चढायची. आता सावलीत बसून फळं निवडते. कुठल्या झाडाला कीड लागलीय हे बाबांच्या आधी तिला कळतं. माझ्या ह्यूस्टनच्या दिवाणखान्यात वारली चित्र आहे, पाहुण्यांना मी ते अभिमानानं दाखवते. ती माणसं त्या जमिनीवर आमच्या वाड्यांच्या आधीपासून आहेत. १९४५ साली याच डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर उभं राहून त्यांनी वेठबिगार नाकारली, तीही जमीनदारांविरुद्धचीच लढाई होती. हे सगळं मला ठाऊक आहे. पण त्या बायला मी आयुष्यात एकदाही विचारलं नव्हतं की तुमच्या बोलीत या झाडाला काय म्हणता, खिरणीला काय म्हणता, आमची वाडी व्हायच्या आधी इथं काय होतं. गाडीतल्या त्या गृहस्थांनी निदान प्रश्न तरी विचारला होता.

रात्रीचे साडेआठ, म्हणजे घोलवडला सकाळचे सात. बाबा या वेळी वाडीतच असतात. मी त्यांना खोडाचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला.

त्यांनी फोटो मोठा करून पाहिला असणार. बराच वेळ पलीकडून नुसते पक्षी ऐकू येत होते.

‘हे कुणी मारलंय त्याला?’

मी सांगितलं. चीक, कढई, विटा, अर्धा कान, सगळं. मध्ये एकदाही न थांबवता ते ऐकत राहिले.

‘दरवर्षी पाडतात खाचा?’

‘नाही बाबा. एकदा चीक काढला की पाच-सहा वर्षं तरी त्या झाडाला हात लावत नाहीत.’

‘हां,’ बाबा म्हणाले. ‘मग ठीक.’ आणि थोड्या वेळानं, ‘बियांचं झाड आहे ना ते? कलम नाही. उंचीवरून कळतंय.’

मागे क्रेट जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला, कुणीतरी हसलं.

‘बाबा, बाय आलीय का?’

‘आलीय ना. का गं?’

‘तिला फोन द्या जरा.’

‘तिला?’

‘हो. मला तिला एक विचारायचंय.’